गोळ्या अर्ध्यावर सुटल्या की जंतू काय करतात?



भात-नागलीची कापणी उरकली की पेठ, सुरगाणा भागातील पुष्कळ आदिवासी कुटुंबे घराला कडी लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. अनेक जण होळीलाच परततात. त्यांच्यात एखाद्याचे क्षयरोगाचे औषध चालू असते. खोकला थांबलेला असतो, भूक लागू लागलेली असते. ‘आता बरा झालो’ असे त्याला वाटते आणि गोळ्या पाड्यावरच राहतात. त्यानंतर त्याच्या छातीत काय घडते, ते समजून घेऊ.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगासमोर मांडला. तो मोठा चिवट आहे. त्याच्या अंगावर मेणासारखे जाड आवरण असते. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून पचवतात. हा मात्र गिळला गेला तरी पेशीच्या आतच संसार मांडतो. मग शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत उभारते. आत हवा कमी, अन्न कमी. अशा वेळी तो वाढ थांबवून निजून राहतो, कधी कधी वर्षानुवर्षे. औषधे वाढणाऱ्या जंतूंना लवकर मारतात, निजलेल्यांना मारायला वेळ लागतो. म्हणून खोकला काही आठवड्यांत थांबला, तरी साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात.

या जंतूवरचे पहिले प्रभावी औषध मातीतून आले. मातीतले सूक्ष्मजीव अन्नासाठी आणि जागेसाठी एकमेकांशी झगडतात. काही जण शेजाऱ्याला रोखणारे रसायनच तयार करतात. अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ मध्ये अशाच एका मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. पण ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक धडा मिळाला. हे औषध एकटेच दिले, तेव्हा रुग्ण आधी सुधारले. पुढे अनेकांच्या शरीरातील जंतू औषधाला दाद देईनासे झाले.

असे का व्हावे? जंतू काही विचार करून शिकत नाही. एकाचे दोन होताना त्याच्या गुणसूत्राची नक्कल होते आणि त्या नकलेत क्वचित चूक होते. एखादी चूक नेमकी औषधापासून वाचवणारी ठरते. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात, म्हणजे एका औषधातून निसटणारे थोडे तरी असणारच. पण दोन्ही औषधांतून एकदम निसटणारा सापडायला एकावर १४ शून्ये इतके जंतू लागतील. म्हणूनच पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे एकत्र देतात.

नागलीच्या शेतात अर्धवट निंदणी केली तर काय होते? सहज उपटणारे तण निघते, खोल मुळाचे राहते, आणि पुढच्या पावसात त्याचेच रान माजते. गोळ्या मध्येच सोडणे, कधी घेणे कधी न घेणे, यानेही तेच होते. नाजूक जंतू मरतात, निबर उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. मग साध्या गोळ्या चालत नाहीत. वेगळी, जड औषधे लागतात. शिवाय द्राक्षबागेतल्या एकाच खोपटात दहा माणसे निजतात. तिथे खोकल्यातून हाच निबर जंतू दुसऱ्याच्या छातीत जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आतड्यातले कित्येक जंतू औषधापासून वाचण्याचे गुण एकमेकांना वाटतात. क्षयाचा जंतू तसे शेजाऱ्याकडून उसने घेत नाही. त्यामुळे प्रत्येक रुग्णाचा कोर्स पूर्ण झाला, तर नवे निबर जंतू तयार होण्याची वाट बरीचशी बंद होते.

कामासाठी गाव सोडावे लागले, तरी औषध सोडण्याची गरज नाही. निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितले, तर निक्षय नोंदणीवरून नव्या ठिकाणच्या सरकारी केंद्रात रुग्णाची बदली होते आणि गोळ्या मोफत मिळतात. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी सरकारकडून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. त्यासाठी बँक खाते जोडलेले हवे.

आहाराचे मोल मोठे आहे, कारण कुपोषित शरीरात निजलेला जंतू लवकर जागा होतो. झारखंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे रुग्णांच्या घरच्यांना सकस शिधा दिल्यावर त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले.

वाचकहो, २०२२ पासून कोणतीही व्यक्ती, मंडळी किंवा संस्था ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून रुग्णाला दरमहा शिधा देऊ शकते. शिध्याची पिशवी द्याल, तेव्हा एक प्रश्नही विचारा: “दादा, बागेवर जाताना गोळ्या बरोबर घेतल्या का?” औषधाची साखळी मध्येच तुटू नये, यासाठी तो प्रश्नही तितकाच गरजेचा आहे.