केबलमधील प्रतिध्वनी

दरीत घातलेली साद समोरच्या कड्यावर आदळून परत येते. अँटेनाच्या केबलमध्येही असेच घडते. केबल जेथे तुटलेली असते किंवा तिच्यात पाणी शिरलेले असते, तेथून रेडिओ लहरींचा काही अंश मागे परततो. हे परावर्तन मोजणाऱ्या उपकरणाला ‘व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर’ म्हणतात. एकेकाळी ही उपकरणे अवजड व महाग असल्याने प्रामुख्याने प्रयोगशाळांतच आढळत.

‘नॅनोव्हीएनए’ या तळहातावर मावणाऱ्या उपकरणामुळे ही स्थिती पालटली. जपानमधील एका अभियंत्याने त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली. २०१९ च्या सुमारास ते जगभर पोहोचले. आज्ञावली मुक्त असल्यामुळे इतर जाणकारांनीही तीत भर घातली. केबलची लांबी व तिच्यात होणारा लहरींचा ऱ्हास मोजण्याची सोय अशाच सुधारणांतून झाली.

हे उपकरण अनेक वारंवारितांच्या लहरी केबलमध्ये पाठवते आणि त्यांच्या परावर्तनावरून प्रतिध्वनीला लागणारा काळ गणिताने काढते. भरीव पॉलिथिलीनचे वेष्टन असलेल्या केबलमध्ये लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के, म्हणजे एका नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर असतो. प्रतिध्वनी १०० नॅनोसेकंदांनी परतला, तर लहरींचा जाण्यायेण्याचा प्रवास २० मीटरचा होतो. अर्थात दोष १० मीटरवर असतो.

सच्छिद्र पॉलिथिलीनच्या केबलमध्ये मात्र हा वेग अधिक असतो. तो चुकीचा धरल्यास केबलसाठी भिंत भलत्याच जागी फोडली जाईल. म्हणून त्याच प्रकारच्या, लांबी ठाऊक असलेल्या तुकड्यावर वेग आधी पडताळून घेणे आवश्यक ठरते.