बेलिनी : व्हेनिसची उन्हाळी फळवारुणी

व्हेनिसच्या सॅन मार्को चौकापासून चार पावलांवर, कालव्याच्या काठाला भिडणाऱ्या एका अरुंद गल्लीच्या टोकाशी 'हॅरीज बार' नावाचे छोटेसे पानगृह आहे. दोराची वखार असलेल्या खोलीत जुझेप्पे चिप्रियानी यांनी ते १९३१ साली सुरू केले. नाव इंग्रजी असण्यामागे एक कथा सांगितली जाते. हॅरी पिकरिंग नावाचा एक अमेरिकन तरुण पैसे संपल्यामुळे व्हेनिसमध्ये अडकून पडला होता. एका हॉटेलात मद्यसेवक असलेल्या चिप्रियानींनी त्याला १० हजार लिरा उसने दिले. काही काळाने तो परत आला आणि त्याने ५० हजार परत केले. उरलेल्या पैशांत बार काढ, असे सांगून. याच बारमध्ये पुढे बेलिनी जन्माला आली. पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको ही फेसाळ वाईन, एवढाच तिचा मसाला. गराच्या फिकट गुलाबी छटेवरून चिप्रियानींना जोव्हानी बेलिनी (मृत्यू १५१६) या व्हेनिशियन चित्रकाराच्या चित्रांतील रंग आठवला आणि १९४८ च्या सुमारास पेयाला त्याचे नाव मिळाले. चित्रकारांची नावे पदार्थांना देण्याची हौस या घराण्यात मोठी होती. कच्च्या गोमांसाच्या पातळ कापांना 'कार्पाच्चो' म्हणतात तेही इथलेच.

दोनच घटक असलेले पेय घरी करायला सोपे वाटते. प्रत्यक्षात बेलिनी बिघडते ती याच समजुतीमुळे. तिखट-आंबट मसाल्याच्या पेयात एखादी उणीव झाकली जाते. इथे झाकायला काहीच नसते.

पहिला प्रश्न फळाचा. पीच, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतला सप्ताळू, इटलीत उन्हाळ्यात येतो आणि मूळची बेलिनी त्या हंगामापुरतीच होती. आपल्याकडे हिमाचलची पीच साधारण मे-जूनमध्ये बाजारात दिसू लागते. ती बहुतेक पिवळ्या गराची असते. तिचा स्वाद चांगला असतो, पण पेय गुलाबी न होता केशरी-पिवळे होते. रंगाची हौस असेल तर डाळिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब घालावेत. फळ बोटाने दाबले असता थोडे दबणारे आणि देठाशी सुगंध येणारे हवे. टणक पीच खोलीत कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवली तर मऊ होते, पण सुगंध नसलेल्या फळाला तो येत नाही. डबाबंद पीच शक्यतो टाळावी. तिच्या पाकाची गोडी आणि शिजवल्याचा वास प्रोसेकोवर मात करतात.

गर काढण्यासाठी मिक्सर वापरू नये. मिक्सरच्या पात्यांनी गरात हवा कोंडली जाते, आणि पीच कापल्याबरोबर तिच्यातील विकरे प्राणवायूशी संयोग पावून गर तपकिरी करू लागतात. हवा जितकी जास्त मिसळेल, तितका हा बदल वेगाने होतो. यावर आपल्या घरात एक अगदी चपखल साधन आहे : पुरणयंत्र. इटालियन स्वयंपाकघरातले गर काढण्याचे हातयंत्र म्हणजे जवळपास तेच. साल न काढता, फक्त बी काढून फोडी त्यातून फिरवाव्यात (सालीतूनच थोडा लाल रंग उतरतो) आणि मग बारीक चाळणीतून गाळून घ्याव्यात. लगेच लिंबाच्या रसाचा एक चमचा मिसळावा. आम्लामुळे विकरांचे काम मंदावते आणि गोडीला धार येते. फळ फिके असेल तर थोडी पिठीसाखर, एरवी नाही. हा गर बर्फाइतका गार होईपर्यंत फ्रिजमध्ये झाकून ठेवावा. त्याच दिवशी वापरावा किंवा गोठवावा.

आता वाईनचे. प्रोसेको व्हेनिसच्या उत्तरेकडील टेकड्यांवर आणि आसपासच्या प्रदेशात ग्लेरा जातीच्या द्राक्षांपासून होते. कोनेल्यानो आणि व्हाल्दोब्याद्देने परिसरातील या टेकड्यांना युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारसा ठरवले. शॅम्पेनमध्ये दुसरे किण्वन बाटलीतच होते. प्रोसेकोत ते बहुतांशी मोठ्या बंद टाकीत होते. त्यामुळे ती फळाच्या ताज्या गंधाची राहते. बाटली घेताना लेबलावर एक फसवी गोष्ट असते : 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट'पेक्षा गोड असते. 'ब्रूट'मध्ये साखर लीटरला १२ ग्रॅमपर्यंत, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये साधारण १२ ते १७, आणि नुसत्या 'ड्राय'मध्ये त्याहूनही जास्त. पीच गोड असल्याने बेलिनीसाठी ब्रूटच घ्यावी. प्रोसेको महाग वाटल्यास नाशिकची ब्रूट चालते. मात्र बाटलीत किण्वन झालेल्या वाईनला पावासारखा हलका खमीरगंध असतो, तो पीचपुढे येतो. चालेल, पण ते वेगळे पेय होते.

प्रमाण साधारण एक भाग गर आणि दोन भाग वाईन. म्हणजे ५० मिलिलीटरला १००. हॅरीज बारच्या पद्धतीत वाईन त्याहून थोडी जास्तच, एकास तीन. ७५० मिलिलीटरच्या एका बाटलीत सात पेले होतात आणि त्यासाठी सुमारे ३५० मिलिलीटर गर लागतो. मध्यम आकाराच्या पाच-सहा पीच पुरतात.

ओतण्याची पायरी सर्वांत घातकी. गराचे सूक्ष्म कण म्हणजे वाईनमध्ये विरघळलेल्या वायूला बुडबुडा होण्यासाठी मिळालेल्या हजारो जागा. वाईन सळसळत ओतली की सगळा वायू एकदम सुटतो. पहिल्यांदा मी पेल्यातच गर घालून वरून बाटली उपडी केली. अर्धे पेय टेबलक्लॉथवर आणि उरलेले निव्वळ सपाट. गारव्यात वायू अधिक विरघळलेला राहतो, म्हणून गर, वाईन, जग आणि पेले सगळेच थंडगार हवेत. जगात गर घ्यावा, जग तिरपा धरून त्याच्या काठावरून आधी थोडी वाईन सोडावी, फेस बसू द्यावा, मग उरलेली घालावी. लांब चमच्याने तळापासून एक-दोनदाच, हलकेच ढवळावे. बर्फ घालू नये. उंच नाजूक पेल्याचा आग्रहही नको. हॅरीज बारमध्ये ती लहान, साध्या सरळ पेल्यात देतात.

काही घरांत आमरस घालून 'हापूस बेलिनी' करतात. हापूसचा रस दाट आणि उग्र सुगंधाचा. तो पाण्याने पातळ केला नाही तर वाईन कुठेच लागत नाही. करून पाहायला हरकत नाही, पण माझ्या मते हापूस वाटीतच बरा.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांना सांगून ठेवावी. प्रोसेको साधारण ११ टक्के मद्यार्काची. एकास दोन प्रमाणात बेलिनीत तो सुमारे सात टक्के राहतो, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या आसपास. गारवा आणि फळाची गोडी त्याची जाणीवच होऊ देत नाहीत, आणि उकाड्यात तहानलेला माणूस ती सरबतासारखी घटाघट पितो. म्हणून आधी प्रत्येकाला साधे पाणी द्यावे. गाडी चालवणाऱ्यांसाठी, झोपेची किंवा ॲलर्जीची औषधे घेणाऱ्यांसाठी, गर्भवतींसाठी आणि मुलांसाठी त्याच गरात थंड सोडा व लिंबाचा आणखी थोडा रस घालून वेगळा जग करावा. त्याचा रंग हुबेहूब तोच दिसतो, तेव्हा दोन्ही जग टेबलाच्या दोन टोकांना ठेवावेत.