संगणकाच्या कोठाराची मोजदाद

सुगी संपल्यावर कणगीत किती जोंधळा उरला आहे, हे खटाव तालुक्यातील शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. पुढील पावसाचा भरवसा नसल्याने तो आपले कोठार वेळोवेळी पाहतो. पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक आपले मुख्याध्यापकही रोज लिहून ठेवतात. मात्र शाळेच्या संगणकातील कोठार किती भरले आहे, याची चौकशी ते तुडुंब भरेपर्यंत सहसा कोणी करीत नाही. ही चौकशी कशी करावी, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

प्रथम एक अनुभव नमूद करणे माझे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेतील गुरुजींनी जुन्या जनरल रजिस्टरची पाने छायांकित करून संगणकात ठेविली होती. एके दिवशी तबकडी भरल्याची सूचना आली. त्यांनी मला दूरध्वनी केला. "जो कप्पा जड वाटेल तो काढून टाका," असे मी घाईने सांगितले. त्यांनी छायाचित्रांचा कप्पा कायमचा पुसला. पुढे एक वृद्ध गृहस्थ नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी स्वतःच्या शालेय नोंदीचा उतारा मागण्यास आले, तेव्हा मूळ वहीचे ते पान वाळवीने खाल्लेले आढळले. नंतर मोजून पाहता तो कप्पा लहानच होता. खरी जागा स्नेहसंमेलनाच्या चलचित्रांनी अडविली होती. न मोजता दिलेला सल्ला किती महाग पडतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

तबकडी पूर्ण भरली की केवळ नवीन काम थांबते असे नव्हे. चालू फाइल जतन करताना जागा अपुरी पडल्यास ती अर्धवट किंवा रिकामीही राहू शकते. सबब मोजणी आधी करावी.

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात यासाठी दोन आज्ञा आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही प्रणालीही याच कुळातील होय. या दोन्ही आज्ञा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीत १९७१ सालापासून आहेत. त्या लिहिण्यासाठी 'टर्मिनल' ही खिडकी उघडावी. अनेक संगणकांत कंट्रोल, ऑल्ट व टी या कळा एकदम दाबल्या असता ती उघडते. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत लिहून एंटर कळ दाबावी.

पहिली आज्ञा 'डीएफ'. तिच्यापुढे एक जागा सोडून उणे चिन्ह व त्यास जोडून 'एच' लिहावे. या 'एच'मुळे आकडे मेगाबाइट, गीगाबाइट अशा सुबोध मापांत येतात. पडद्यावर तक्ता उमटतो. त्यात क्रमाने तबकडीचे नाव, एकूण जागा, वापरलेली जागा, शिल्लक, वापराची टक्केवारी आणि जोडणीचे ठिकाण असते. ज्या ओळीच्या शेवटी केवळ तिरपी रेघ दिसते, ती प्रणालीच्या मुख्य विभागाची होय. तिची टक्केवारी नव्वदच्या पुढे गेली असल्यास सावध व्हावे.

ही आज्ञा कोठार किती भरले ते सांगते. कोणत्या पोत्याने भरले ते सांगत नाही. त्यासाठी दुसरी आज्ञा 'डीयू'. तिच्यापुढे 'उणे एच' आणि मग जागा सोडून 'उणे डी' व एकचा आकडा लिहावा. आपण ज्या कप्प्यात आहोत त्यातील प्रत्येक उपकप्प्याचे वजन ती एकेका ओळीत मांडते व शेवटी एकूण बेरीज देते. याच ओळीपुढे उभी रेघ देऊन 'सॉर्ट' हा शब्द व 'उणे एच' लिहिल्यास यादी लहानाकडून मोठ्याकडे लागते. मग सर्वांत जड कप्प्यात शिरून हीच आज्ञा पुन्हा द्यावी. 'सीडी' या आज्ञेपुढे कप्प्याचे नाव लिहिले असता आत जाता येते. अशा दोन-तीन पायऱ्यांत जागा अडविणारी वस्तू बहुधा सापडते.

विंडोज प्रणालीच्या आज्ञा-खिडकीत 'डीआयआर' असे लिहावे. यादीच्या अखेरच्या ओळीत मोकळे बाइट दिसतात.

आकडे पाहून होणारे काही गैरसमज येथेच दूर करणे इष्ट. वेष्टनावर ५०० गीगाबाइट लिहिलेली तबकडी पडद्यावर सुमारे ४६५ दिसते. यात फसवणूक नाही. उत्पादक एक अब्ज बाइटचा गीगाबाइट धरतो, तर वरील आज्ञा १,०७,३७,४१,८२४ बाइटचा धरते. दुसरे असे की, लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत सुमारे पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखीव असते. म्हणून वापर व शिल्लक यांची बेरीज एकूण जागेइतकी भरत नाही. तिसरे, पुसलेली फाइल कचरापेटीत असेपर्यंत जागा मोकळी होत नाही. तसेच एखादा कार्यक्रम ती फाइल उघडून बसला असेल, तर तो बंद होईपर्यंतही जागा परत मिळत नाही.

या दोन्ही आज्ञा केवळ पाहतात. काहीही पुसत नाहीत. म्हणून त्या देताना नवशिक्या शिक्षकानेही भिण्याचे कारण नाही. भय बाळगावे ते पुसण्याच्या आज्ञेचे.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढील शिस्त पाळावी, अशी विनंती आहे.

१. दरमहा एका ठरावीक दिवशी 'डीएफ' देऊन शिल्लक जागा साठा-नोंदवहीत लिहावी.

२. काहीही पुसण्यापूर्वी 'डीयू'ने वजन पाहावे आणि कप्पा उघडून आत काय आहे याची खात्री करावी.

३. जनरल रजिस्टर व निकालपत्रके यांच्या प्रती दुसऱ्या तबकडीवर आधी उतरवाव्यात आणि त्या उघडतात हे पाहावे.

४. सातवीच्या मुलांकडून ही मोजणी करवून घ्यावी. टक्केवारीचा याहून जिवंत पाठ सहज मिळणार नाही.

चलचित्रे गेली तर पुढील संमेलनात नवी घेता येतील. त्या वृद्ध गृहस्थांची नोंद मात्र आता कोठूनही आणता येणार नाही.