बहिणींचा मुराळी

माजूफळ हें केवळ नांवाचें फळ आहे. ओक वृक्षाच्या कोंवळ्या डहाळींत गांधीलमाशीच्या गणांतील एक चिमुकला कीटक अंडें घालतो आणि त्या जागीं झाडाची जी गांठ वाढते, तीच पुढें काष्ठौषधींच्या दुकानांत विकावयास येते. काकडशिंगीची कथाही अशीच. तेथें कर्तृत्व माव्याच्या जातीच्या कीटकांचें. झाडाकडून घर बांधून घ्यावयाचें आणि त्याच घरांत अन्नही मिळवावयाचें, ही विद्या अनेक कीटकांना साधली आहे. परंतु ऑस्ट्रेलियांतील सिस्टोकॉकस नामक खवलेकीटकानें तींत सर्वांवर ताण केली आहे. लाखेचा किडा हा याचा दूरचा नातलग होय.

मध्य व उत्तर ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशांत ब्लडवुड नांवाचीं झाडें आढळतात. सालीस जखम होतांच रक्तासारखा तांबडा रस पाझरतो, म्हणून हें नांव. निलगिरीचीं हीं जवळचीं भावंडें. १९९५ पर्यंत शास्त्रज्ञ त्यांची गणना युकॅलिप्टसमध्येंच करीत, नंतर त्यांचा कोरिंबिया हा निराळा वंश मानण्यांत आला. यांच्या फांद्यांवर चेंडूएवढ्या खडबडीत गांठी लोंबत असतात. गांठ फोडली असतां आंत खोबऱ्यासारखा पांढरा गर दिसतो आणि मधल्या पोकळींत एकच मादी. तेथील मूळ रहिवासी गर आणि कीटक दोन्ही आवडीनें खातात. इंग्रजींत या गांठीस ‘बुश कोकोनट’ म्हणतात. कोंकणच्या नारळाशीं तिचा सुतराम संबंध नाहीं, हें सांगावयास नकोच.

ही मादी कोंवळ्या वयांत फांदीवर बसून सालींत सोंड रुतविते. भोंवतीं गांठ चढत जाते आणि ती तींत जन्माची कोंडली जाते. तिला पंख नाहींत, चालण्याची शक्ति नाहीं. बाहेरच्या जगाशीं संबंध काय तो एका बारीक छिद्रापुरता. तिच्या मुलींनाही पंख फुटावयाचे नाहींत. मग त्यांनीं नवें झाड गांठावें कसें? युकॅलिप्टसवर गांठी करणाऱ्या एपिओमॉर्फा या दुसऱ्या खवलेकीटकांत नर व मादी आपापल्या निराळ्या गांठी करतात आणि पिलांना वारा नेईल तिकडे जावें लागतें. पण वारा योग्य झाडावरच नेऊन सोडील, याचा नेम काय?

सिस्टोकॉकसच्या आईनें हा प्रश्न अपत्यांच्या क्रमानें सोडविला आहे. तिला आधीं मुलगे होतात. ते स्वतःची गांठ करीत नाहींत. आईच्याच घरांत राहून भिंतीवरचा गर शोषीत वाढतात. त्यांची वाढ पुरी होत येते, त्या सुमारास मुली जन्मतात. मुलग्यांना आतां पंख फुटलेले असतात. या इवल्याशा बहिणी भावांच्या लांबट पोटाला घट्ट बिलगून बसतात आणि भाऊ त्यांना घेऊन उडून जातात. १९८६ मध्यें पेनी गलन व अँड्र्यू कॉकबर्न या शास्त्रज्ञांनीं या विलक्षण व्यवस्थेचें विवेचन प्रसिद्ध केलें. मराठी माणसाला येथें मुराळ्याची आठवण व्हावी. मात्र हा मुराळी बहिणीला माहेरीं आणणारा नव्हे, माहेराबाहेर पोंचविणारा!

नराचें पोट इतकें लांब असण्याचें मुख्य कारण निराळेंच आहे. त्याची भावी सहचरी दुसऱ्या एका गांठींत बंदिस्त असते. तिच्यापर्यंत पोंचावयाचें तर त्या बारीक छिद्रांतून पोट आंत सारणें एवढाच मार्ग. तेव्हां बहिणींना आयतीच बैठक लाभली. शिवाय मादीच्या शोधांत निघालेल्या नराला ब्लडवुडचें झाड हुडकावेंच लागतें, कारण गांठी तेथेंच असावयाच्या. वाऱ्याच्या भरंवशावर निघालेल्या पिलाला जी हमी नाहीं, ती या बहिणींना अशी अनायासें मिळते. प्रौढ नराला खाण्यास तोंडच नसतें, त्यामुळें त्याचें आयुष्य अगदीं अल्प. तेवढ्या अवधींत बहिणी नव्या झाडावर उतरतात, कोंवळी फांदी पाहून सोंड रुतवितात, आणि झाड त्यांच्याभोंवतीं भिंत उभारूं लागतें.