भ्यालेला रखवालदार

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे लहानसे अंगण, अंगणाला कुंपण, आत गुळगुळीत फरशीची बैठकीची खोली आणि तिच्या एका कडेला माडीवर जाणारा जिना. घरात आजी, आईवडील आणि शाळेत जाणारी दोन भावंडे. आज या घरी प्राण्यांच्या आश्रयगृहातून एक कुत्रा यावयाचा आहे. तो जर्मन शेफर्ड म्हणजेच अल्सेशियन जातीचा, पूर्ण वाढलेला नर आहे. त्याचे वजन ३५ किलो. मुलांनी त्याचे नाव आधीच ठरवून ठेवले आहे : शेरू. आजीने ओवाळण्यासाठी तबक सिद्ध केले आहे आणि शेजारपाजारची मुले दाराशी दाटी करून उभी आहेत.

गाडी थांबते. शेरू उतरतो; पण त्याची शेपटी पोटाखाली गेलेली असते आणि कान मागे पडलेले असतात. गुळगुळीत फरशीवर पाऊल ठेवताच त्याचे पाय घसरतात. मुले आनंदाने ओरडतात, तसा तो जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरतो आणि भिंतीला अंग चिकटवून बसतो. समोर ठेवलेल्या भाकरीला तो तोंड लावीत नाही. धाकटी मुलगी प्रेमाने हात पुढे करते, तर तो गुरगुरतो. "हा कसला रखवालदार? हा तर आपल्यालाच भितो आहे!" असे वडील म्हणतात आणि मुलांचे चेहरे उतरतात.

असा प्रसंग अनेक घरांत घडतो. पुष्कळदा आठपंधरा दिवसांतच 'हा कुत्रा आमच्या उपयोगाचा नाही' असे म्हणून त्याला पुन्हा आश्रयगृहात पोहोचविले जाते. एकदा टाकून दिलेला प्राणी अशा रीतीने दुसऱ्यांदा टाकला जातो. वास्तविक येथे दोष कुत्र्याचाही नसतो आणि मुलांचाही नसतो. दोघांनाही एकमेकांची भाषा ठाऊक नसते, एवढेच.

मोठ्या जातीचे कुत्रे आश्रयगृहात का येतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. अशा जातीचे पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखे दिसते. त्याच्या रूपाला भुलून लोक ते घरी आणतात. परंतु वर्ष-दीड वर्षात त्याचा आकार चौपट-पाचपट होतो. त्याला पोटभर अन्न लागते, रोज दोन वेळा फिरावयास न्यावे लागते आणि वागण्याची शिस्त लावावी लागते. मग कोणाला जागा अपुरी पडते, कोणाची बदली होते, कोणाचा उत्साहच ओसरतो आणि एके दिवशी त्याला दूर रस्त्यावर सोडून दिले जाते. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतात १९६० साली झाला. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा त्या कायद्याने अपराध आहे. तरीही असे अपराध घडतात, आणि त्यांचे फळ मुक्या जिवाला भोगावे लागते.

आता हेच नवे घर शेरूच्या बाजूने पाहू. माणूस घर डोळ्यांनी पाहतो; कुत्रा ते नाकाने वाचतो. कुत्र्याच्या नाकात वासाचे ज्ञान करून देणाऱ्या पेशी २० कोटींच्या आसपास असतात. माणसाच्या नाकात त्या याहून कितीतरी कमी. स्वयंपाकघरातील फोडणी, देवघरातील उदबत्ती, फरशी पुसण्याचे औषध, पाच माणसांचे पाच निराळे गंध, हे सारे एकाच क्षणी त्याच्यावर येऊन कोसळते. यांतील एकही वास त्याच्या ओळखीचा नसतो. कानांचेही तसेच. माणसाला सेकंदास सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक कंपनांचा आवाजही ऐकू येतो. आपल्याला शांत वाटणारे घर त्याला गजबजलेले वाटले, तर त्यात नवल नाही.

शिवाय त्याच्या मनात जुन्या आठवणी असतात. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. ज्या कुत्र्याने काठीचा मार खाल्ला आहे, तो आजीच्या हातातील केरसुणीलाही भितो. हे कसे घडते, याचा उलगडा होण्यास इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांचे मोठे साहाय्य झाले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. कुत्र्याला अन्न देण्यापूर्वी दर वेळी एक ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला लाळ सुटते, असे त्यांना दिसून आले. आवाज आणि अन्न यांची कुत्र्याच्या मनात गाठ पडते. काठी आणि वेदना यांची गाठही अशीच पडते. मात्र यातच आशेलाही जागा आहे. जी गाठ अनुभवाने पडली, ती नव्या अनुभवाने सैल करता येते.

याकरिता पहिल्या दिवसापासूनच काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. कुत्र्याला सणावाराच्या गर्दीत न आणता सुट्टीच्या एखाद्या निवांत दिवशी आणावे. स्वागतासाठी मंडळी जमवू नयेत. आरंभी त्याला साखळीने किंवा पट्ट्याने धरून अंगण सावकाश हुंगू द्यावे, मग घरात न्यावे. त्याच्यासाठी एक कोपरा राखून ठेवावा. तेथे जाड अंथरूण आणि पाण्याचे भांडे असावे. आश्रयगृहातील त्याच्या अंथरुणाचा एखादा तुकडा बरोबर आणला, तर ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. तो त्या कोपऱ्यात असताना कोणीही त्याच्याकडे जाऊ नये. ते त्याचे घरातले घर होय. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या किंवा गोणपाट अंथरावे. भारी अंगाच्या कुत्र्याचे पाय घसरले की त्याच्या सांध्यांना इजा होऊ शकते, आणि पायाखालची जमीनच भरवशाची नसेल तर त्याला माणसांचा भरवसा कसा वाटावा?

अन्न पहिले काही दिवस पूर्वीचेच द्यावे आणि आठवडाभरात थोडे थोडे बदलावे. एकदम बदल केला तर पोट बिघडते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषासारखे बाधू शकतात; म्हणून पानातील उरलेली आमटी-भाजी त्याच्यापुढे ठेवू नये. पहिल्या आठवड्यातच त्याला पशुवैद्याकडे नेऊन तपासून घ्यावे. जंतांचे औषध, गोचिडांवरील उपाय आणि रेबीजची लस यांविषयी पशुवैद्याचा सल्ला पाळावा. गळपट्ट्यावर घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली पट्टी लावावी, कारण नवा आलेला कुत्रा भयाने पळून जाण्याचा संभव सर्वांत अधिक पहिल्या दिवसांतच असतो.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी दोनतीन गोष्टींची सावधगिरी बाळगावी लागते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत कधी कधी जठर वायूने फुगून त्याला पीळ पडतो. म्हणून दिवसाचे अन्न दोनतीन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणानंतर त्याला धावू-खेळू देऊ नये. पोट फुगले, तो ओकण्याचा वारंवार प्रयत्न करू लागला आणि काहीच बाहेर पडत नसेल, तर क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्याकडे न्यावे. तेथे एकेक तास मोलाचा असतो. दुसरी गोष्ट उन्हाची. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो मुख्यतः शरीर थंड राखतो. म्हणून त्याला पहाटे आणि सूर्यास्तानंतरच फिरावयास न्यावे. तिसरी गोष्ट अशी की, फिरावयास नेताना त्याचा पट्टा मोठ्या माणसाच्याच हाती असावा. ३५ किलो वजनाचा प्राणी भिऊन उसळला, तर त्याला आवरणे मुलांच्या शक्तीबाहेरचे असते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे कुत्र्याची भाषा शिकणे. ती भाषा अंगाची असते. झोप आली नसताना जांभई देणे, पुनःपुन्हा ओठ चाटणे, तोंड फिरविणे, डोळ्यांतील पांढरा भाग दिसू लागणे, अंग ताठ होणे, या खुणांनी तो 'मला भय वाटते, दूर राहा' असेच सांगत असतो. शेपटी हलली म्हणजे कुत्रा आनंदलाच, असेही समजू नये. ताठ, उभारलेल्या शेपटीचे हलणे निराळे आणि सैल अंगाने डुलणाऱ्या शेपटीचे हलणे निराळे. या खुणा कोणी ओळखल्या नाहीत, तर तो गुरगुरतो. गुरगुरणे ही त्याची उद्दामपणाची भाषा नसून सूचना आहे. त्याबद्दल त्याला मारले, तर त्याचे भय जात नाही. फक्त सूचना देणे थांबते, आणि मग एखादे दिवशी तो सूचना न देताच चावतो. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण माणसांच्या बाबतीत खरी असेल. कुत्र्यांच्या बाबतीत तिच्यावर विसंबून राहू नये.

म्हणून मुलांनी काही नियम पाळलेच पाहिजेत. नव्या कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. त्याच्यावर वाकू नये, त्याला मिठी मारू नये. तो जेवत किंवा झोपलेला असताना त्याला स्पर्श करू नये. त्याच्यापाशी जावयाचे तर घरातील मोठे माणूस जवळ असावे. त्याला जवळ बोलाविण्याऐवजी थोड्या अंतरावर, त्याच्याकडे अंगाची बाजू करून, शांतपणे बसावे आणि यावे की न यावे हे त्याच्यावर सोपवावे. एवढे करूनही कधी दात लागलाच, तर ती गोष्ट लपवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि तत्काळ रुग्णालयात जावे. तिखट, चुना असले काही जखमेवर लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. वेळीच लस घेतली तर मात्र तो टळतो.

आश्रयगृहांतील अनुभवी मंडळी एक ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा गोंधळलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराचा क्रम उमगू लागतो आणि हे आपलेच घर आहे असे वाटावयास सुमारे तीन महिने लागतात. कोणाला याहून कमी काळ लागतो, कोणाला पुष्कळ अधिक. या काळात नियमितपणा हेच मोठे औषध असते. जेवणाची वेळ तीच, फिरण्याची वेळ तीच आणि आज्ञेचे शब्दही तेच असावेत. एकाने 'बस' म्हणावे आणि दुसऱ्याने 'खाली बस रे' म्हणावे, असे झाले तर तो काय समजणार? एकटे राहण्याची सवयही अशीच हळूहळू लावावी. प्रथम दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा मिनिटे घराबाहेर जाऊन परत यावे. गेलेले माणूस परत येते, हे त्याला कोणी शब्दांनी सांगू शकत नाही. ते त्याला अनुभवानेच कळते. दिवाळीत फटाके वाजू लागले, तर त्याला आतल्या खोलीत ठेवावे, दारेखिडक्या लावाव्यात आणि कोणीतरी त्याच्यापाशी बसून राहावे.

जुन्या भयाची गाठही याच रीतीने सैल होते. शेरूच्या घरी आजीने हाच उपाय केला, असे समजू. आजी दूर ओटीच्या टोकाशी केरसुणी नुसती हाती घेते आणि त्याच वेळी आई शेरूपुढे भाकरीचा तुकडा टाकते. केरसुणी खाली ठेवली की तुकडे बंद. असे रोज थोडा वेळ चालते. शेरू दचकला, तर आजी आणखी दूर जाते. तो निश्चिंत असेल, तरच एक पाऊल जवळ येते. दिवस जातात. केरसुणीची मारापेक्षा भाकरीशी गाठ पडू लागते. एके सकाळी आजी त्याच्या शेजारून झाडीत जाते आणि शेरू नुसती मान उचलून तिच्याकडे पाहतो.

आणि मग एके संध्याकाळी, धाकटी मुलगी सतरंजीवर अभ्यास करीत असताना, जिन्याखालच्या कोपऱ्यातून शेरू आपण होऊन उठतो. सतरंजीच्या काठाकाठाने हळूहळू येतो आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसतो. थोड्या वेळाने आपली जड मान तो पुढच्या पायांवर टेकवितो. ती हात पुढे करीत नाही. ती वाचीत राहते. तिने एवढ्या दिवसांत जे शिकावयाचे, ते शिकलेले असते.

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच,' असे लोक म्हणतात. स्वभाव बदलत नाही, असा त्या म्हणीचा आशय. काही कुत्री जन्मभर थोडी भित्रीच राहतात, हेही खरे. त्यांना तशीच सांभाळावी लागतात. पण पोटाखाली दडलेली शेपटी पुन्हा मोकळेपणाने डुलू लागते, हे मात्र अनेक घरांनी पाहिले आहे. ती कोणत्याही नळीत घालून सरळ होत नाही आणि ओढून बाहेर काढता येत नाही. भय वाटण्याचे कारण नाहीसे केले आणि पुरेशी वाट पाहिली, म्हणजे ती आपोआप बाहेर येते.