प्रथिनांचा तराजू आणि त्याची सामायिक मालकी

विदर्भातील गडचिरोली, खानदेशातील नंदुरबार आणि तेलंगणातील आदिलाबाद या जिल्ह्यांतील अनेक आदिवासी कुटुंबांना सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार परिचित आहे. त्याचे मूळ अतिशय सूक्ष्म आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक! साखळीचे वस्तुमान १५,८६७ डाल्टन; या बदलाने ते ३० डाल्टनांनी घटते. एक डाल्टन म्हणजे सुमारे एका हायड्रोजन अणूइतके वस्तुमान. एवढा सूक्ष्म फरक तोलणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, अर्थात वस्तुमान-वर्णपटमापक.

या यंत्राचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. सारख्याच जोराने ओढलेल्या दोन गाड्यांपैकी रिकामी गाडी भरलेल्या गाडीच्या पुढे जाते. तद्वत, रेणूंना विद्युत्भार देऊन निर्वात नळीत ढकलले असता हलके रेणू आधी पोहोचतात, जड रेणू मागाहून. त्यांच्या गतीवरून वा मार्गावरून वस्तुमान व विद्युत्भार यांचे गुणोत्तर काढता येते. ॲस्टन यांनी १९१९ मध्ये अशा यंत्राने मूलद्रव्यांची समस्थानिके वेगळी केली व १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. प्रथिनांचे महाकाय रेणू मात्र बाष्परूप होण्यापूर्वीच मोडून पडत. त्यांना अभंग ठेवून विद्युत्भारित करण्याच्या पद्धती १९८० नंतरच्या दशकात जॉन फेन व कोइची तानाका यांनी सिद्ध केल्या. २००२ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता.

१९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे करून ते कागदावर पसरविले आणि सिकल सेलचा दोष नेमक्या एका तुकड्यात असल्याचे दाखविले. आजही प्रथिने बहुधा ट्रिप्सिननेच कापली जातात. परंतु तुकडे कागदाऐवजी यंत्रात जातात आणि एका नमुन्यातील हजारो प्रथिने ओळखता येतात. सिकल सेलच्या नित्याच्या तपासणीस साध्या चाचण्या पुरतात, हे खरे. या यंत्राची गरज पडते ती अज्ञाताच्या शोधासाठी. सुरवंट व त्याचेच झालेले फुलपाखरू यांची जनुके एकच. भेद असतो तो प्रथिनांत. प्रथिनावर फॉस्फेटचा एक गट बसला की वस्तुमान ८० डाल्टनांनी वाढते व पुष्कळदा त्याचे कार्यही पालटते. जनुकांची यादी वाचून हा बदल कळत नाही.

असे प्रगत यंत्र काही कोटी रुपयांना मिळते. त्याचे निर्वात पंप अहोरात्र चालू ठेवावे लागतात. अखंड वीज, वातानुकूलन, शुद्ध वायू व वार्षिक देखभाल यांचा खर्च कधी थांबत नाही. एका प्राध्यापकाचे नमुने मोजके असतात, तेव्हा त्यांच्या एकट्याच्या खोलीत ते बव्हंशी रिकामे राहील. म्हणून विद्यापीठाने ते सर्वांसाठी घ्यावे, हे उचित होय. परंतु सामायिक वस्तूची काळजी कुणीच घेत नाही, हाही आपला अनुभव आहे. यास्तव खरेदीपूर्वीच चार गोष्टी ठरवाव्या लागतात : कायम पदावरील प्रशिक्षित चालक, अनेक वर्षांच्या देखभालीची तरतूद, नमुन्यांच्या क्रमाचा उघड नियम आणि विद्यार्थ्यांना परवडेल असे शुल्क. यांतील एक जरी सुटली, तरी कोट्यवधींचे यंत्र आच्छादनाखाली पडून राहते.

या बाबतीत हैदराबाद भाग्यवान आहे. तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत मास स्पेक्ट्रोमेट्रीचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. जवळच १९७७ मध्ये पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र स्थापन झाले. तेथे मोठी उपकरणे सर्व संशोधकांची मानण्याची प्रथा रुजली. गच्चीबावलीला १९७४ मध्ये स्थापन झालेले हैदराबाद विद्यापीठ आहे, तर तारनाक्याशेजारी १९१८ पासूनचे उस्मानिया. देशपातळीवरही विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० नंतरच्या दशकात सामायिक उपकरणकेंद्रांची योजना आखली. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील केंद्र त्यांपैकीच. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय व्यवस्थेमुळे कोणते उपकरण कोठे आहे हे पाहून वेळ मागता येते.

तथापि वेळ मागण्यासाठी आधी प्रश्न पडावा लागतो आणि तो कोणाला पडेल हे सांगता येत नाही. आदिलाबादच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीच्या मनात आपल्याच गावातील आजाराविषयी तो उठेल. बर्फात ठेवलेला नमुना घेऊन ती शहरात येईल तेव्हा ‘तुम्ही कोणाच्या?’ असे न विचारता ‘तुमचा प्रश्न काय?’ असे विचारले जावे. शाळेतील साध्या तराजूवर अचूक तोलण्याची सवय लागलेल्या मुलामुलींसाठी या मोठ्या तराजूचे दार उघडे ठेवणे, हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे.