चारशे चौतीस गोल

फुटबॉलमध्ये गोल करण्यात मोठे कोण, असे कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर विचारा. पेले, माराडोना, मेस्सी ही नावे तोंडपाठ निघतील. जाणकार असला तर जिमी ग्रीव्हजपर्यंत जाईल. आर्थर रौलीचे नाव मात्र कोणी घेणार नाही. आणि खुद्द इंग्लंडातही ‘हा कोण?’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. मौज अशी की, इंग्लिश फुटबॉल लीगच्या सामन्यांत आजवर सर्वांत जास्त गोल केले ते याच गृहस्थाने. सामने ६१९, गोल ४३४. हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.

मग नाव का नाही? कारण साधे आहे. यांतले बहुतेक गोल वरच्या डिव्हिजनमधले नव्हेत. इंग्लंडातल्या लीगची रचना आपल्या वाड्याच्या मजल्यांसारखी. १९५८ पासून चार डिव्हिजन आणि ९२ क्लब. हंगामाअखेर वरच्या मजल्यावरचे शेवटचे क्लब खाली उतरायचे, खालचे पहिले वर चढायचे. वर्तमानपत्रांचे रकाने पहिल्या मजल्यासाठी राखलेले. रौलीचा बहुतेक संसार दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर झाला.

१९२६ साली वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मलेला हा डावखुऱ्या पायाचा आडदांड पोर. त्याच्या फटक्यामुळे लोक त्याला ‘गनर’ म्हणजे तोफची म्हणत. थोरला भाऊ जॅक मँचेस्टर युनायटेडचा नामांकित आघाडीचा खेळाडू. इंग्लंडकडून सहा सामने खेळला, आणि १९४९ साली उत्तर आयर्लंडविरुद्ध एकट्याने चार गोल मारले. घरात असा भाऊ असला म्हणजे धाकट्याची ओळख आयुष्यभर ‘अमक्याचा भाऊ’ अशीच होते. धाकट्यांना हे सांगायला नको!

वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडे आर्थरने २४ सामन्यांत अवघे ४ गोल केले. १९४८ च्या अखेरीस तो फुलहॅमला गेला आणि उरलेल्या अर्ध्या हंगामात १९ गोल करून त्या क्लबाला वर चढवायला हातभार लावला. पण पहिल्या डिव्हिजनमध्ये पुढचे वर्ष बेताचे गेले, आणि १९५० मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधल्या लेस्टर सिटीने त्याला घेतले. तिथे मात्र तोफ धडधडू लागली. आठ वर्षे, ३०३ सामने, २५१ गोल! १९५६-५७ च्या एका हंगामात ४४ गोल झाले आणि लेस्टर दुसऱ्या डिव्हिजनचा विजेता ठरला. ऑक्टोबर १९५५ मध्ये तर एकाच दिवशी दोघा भावांनी, जॅकने प्लिमथकडून आणि आर्थरने लेस्टरकडून, आपापला दोनशेवा लीग गोल केला. असे कथेत लिहिले, तर संपादक ‘योगायोग फार झाला’ म्हणून परत पाठवतील.

एवढे करून इंग्लंडच्या मुख्य संघात त्याला एकदाही बोलावणे आले नाही. ‘ब’ संघावर त्याची बोळवण झाली. त्या काळी संघ निवडायची एक समिती, आणि सेंटर फॉरवर्डच्या जागी नॅट लॉफ्टहाउससारखा खंदा गडी हजर; तेव्हा समितीलाच सगळा दोष देणे बरोबर नाही. तरीही मला वाटते, चौथ्या मजल्यावरच्या गोलाला हलके समजणाऱ्यांनी चिखलाच्या मैदानावर, दोन-दोन बचावपटू अंगावर घेऊन एकदा तरी तो करून दाखवावा. आमच्या वाङ्मयाच्या इतिहासातही हेच चालते. पहिल्या पंगतीतल्यांवर प्रकरणे लिहितात आणि मासिकांची पाने वर्षानुवर्षे भरणाऱ्यांची तळटिपेत वासलात लावतात.

पैशाचे म्हणावे, तर तेही फारसे नव्हते. १९५८ साली खेळाडूला हंगामात आठवड्याला वीस पौंडांहून अधिक द्यायचे नाहीत, असा लीगचाच नियम होता. तो जानेवारी १९६१ मध्ये उठला. करार संपला तरी क्लबाच्या मर्जीशिवाय दुसरीकडे जाता येत नसे.

१९५८ मध्ये बत्तिसाव्या वर्षी रौली लेस्टर सोडून श्रूजबरी टाउनला गेला, खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी नात्याने. श्रूजबरी हे डार्विनचे जन्मगाव. आपल्याला ठाऊक असलेला रॉबर्ट क्लाइव्ह तिथूनच पार्लमेंटात निवडून गेला होता. चौकात त्याचा पुतळा आहे. क्लबाचे मैदान सेव्हर्न नदीच्या अगदी काठाला. जोरात मारलेला चेंडू पाण्यात पडला की टोपलीसारख्या गोल होडीतून एक माणूस तो काढून आणी. २००७ साली क्लबाने ते मैदान सोडले.

चौथी डिव्हिजन तेव्हा नवीनच निघाली होती. पहिल्याच हंगामात रौलीने ३८ गोल केले आणि क्लब वर चढला. पुढच्या वर्षी ३२. त्यापुढचा, १९६०-६१ चा हंगाम मोठा लक्षात राहण्यासारखा. नव्याने सुरू झालेल्या लीग कपात या लहानशा क्लबाने पहिल्या डिव्हिजनमधल्या एव्हर्टनला हरवून उपांत्य फेरी गाठली. आणि एप्रिलच्या २९ तारखेला ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध रौलीने आपला ३८० वा लीग गोल केला. त्या आधीचा ३७९ चा विक्रम डिक्सी डीनचा. आणि डीन म्हणजे एव्हर्टनचे दैवत, एका हंगामात ६० गोल करणारा! डीनच्या ६० गोलांची गोष्ट आजही सांगतात. रौलीच्या ३८० व्या गोलाची आठवण किती जणांना असेल?

लेस्टरच्या यादीतही त्याचा क्रमांक दुसराच. पहिला आर्थर चँडलर, २७३ गोल, रौली २६५. अलीकडे कारखान्यात काम करून खालच्या लीगांतून वर आलेला जेमी व्हार्डी २०० गोल करून २०२५ मध्ये तिथून बाहेर पडला, तो या दोघांच्या मागेच. अर्थात व्हार्डीने २०१६ साली क्लबाला देशाचे विजेतेपद मिळवून दिले. ते दोघा आर्थरांच्या नशिबी नव्हते.

पुढे रौलीने शेफील्ड युनायटेड आणि साउथेंड युनायटेडचे संघ सांभाळले. डिसेंबर २००२ मध्ये तो वारला. श्रूजबरीचे ते शेवटचे हंगाम मात्र मला अधिक वाचावेसे वाटतात. तेवीस गोल, चोवीस गोल, मग एकदम पाच, आणि १९६४-६५ मध्ये दोन. वय एकोणचाळीसला टेकलेले. कोणाला खेळवायचे हे मॅनेजरने ठरवायचे, आणि मॅनेजर तोच. शनिवारच्या सामन्यासाठी अकरा नावे लिहायला तो बसला की आघाडीच्या जागी स्वतःचे नाव घालायचे की नाही, हे त्याला दर आठवड्याला स्वतःलाच ठरवावे लागे.